आग अडविणाऱ्या हातांची सुरक्षितता

भंडारा येथील जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीने अवघा महाराष्ट्र हळहळला. या दुर्घटनेत दहा बालके दगावली. त्यांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्यामुळे, तर सात जणांचा धुराने गुदमरून झाला, असे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. त्याच्या सुमारे नऊ वर्षे आधी, ९ डिसेंबर २०११ रोजी, कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात आग लागली होती ती तळघरात. पण वरच्या मजल्यांवर झोपलेले रुग्ण धुराने दगावले. मृतांची संख्या नव्वदच्या घरात गेली. ज्वाळा जेथे पोहोचल्या नाहीत तेथेही धूर पोहोचला.

आगीच्या दुर्घटनांत हे वारंवार दिसते. ज्वाळेपेक्षा धुराचा वेग अधिक असतो आणि त्याला वाट शोधावी लागत नाही. इमारत बांधताना माणसानेच ती करून ठेवलेली असते. विजेच्या केबल, पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप, वातानुकूलनाच्या नळ्या आणि रुग्णालयात प्राणवायूच्या वाहिन्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेण्यासाठी स्लॅबला आणि भिंतींना छिद्रे पाडली जातात. काम झाल्यावर ही छिद्रे नीट बुजविली नाहीत, तर प्रत्येक छिद्र हे धुरासाठी धुराडे ठरते. ते बुजविण्याच्या शास्त्रशुद्ध कामाला बांधकाम व्यवसायात ‘फायर स्टॉपिंग’ म्हणतात. इमारतीत राहणाऱ्यांचा जीव वाचविणारे हे काम करणारा कामगार स्वतः किती सुरक्षित असतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

बुलढाणा जिल्ह्यासाठी आता हा प्रश्न महानगरांपुरता राहिलेला नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचा समावेश आहे. शेगावला येणाऱ्या भाविकांसाठीची निवासस्थाने, खामगाव व मलकापूर येथील व्यापारी संकुले आणि तालुक्याच्या गावांतील खासगी रुग्णालये यांमुळे बहुमजली बांधकाम जिल्ह्यात नवे राहिलेले नाही. अशा इमारतींबरोबर फायर स्टॉपिंगचे कामही येते. ते करणारी टोळी बहुधा तीन-चार जणांची असते. कधी ती मोठ्या शहरातून येते, तर कधी स्थानिक प्लंबर, वायरमन किंवा गवंडीच हे काम अंगावर घेतो.

छिद्रात काय भरतात?

फायर स्टॉपिंग म्हणजे छिद्रात सिमेंट थापणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या कामाचा उद्देश असा, की भिंत किंवा स्लॅब जितका वेळ आग रोखू शकते, तितकाच वेळ तिच्यातील छिद्रानेही आग रोखली पाहिजे. स्लॅब दोन तास टिकणारा असेल, तर भरणाही दोन तास टिकला पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या चौथ्या भागात आग व जीवसंरक्षणाची तरतूद आहे. विजेचे शाफ्ट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद करण्याचा दंडक त्यात घालून दिलेला आहे.

त्यासाठी वापरले जाणारे साहित्य अनेक प्रकारचे असते. वितळलेल्या दगडापासून काढलेल्या तंतूंची रॉकवूलची पाटी हे त्यांतील सर्वांत परिचित साहित्य. ही पाटी हजार अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमानही सहन करते. तिच्या कडा आणि केबलभोवतीच्या फटी बंद करण्यासाठी बंदुकीने भरावयाचे सीलंट असते. मोठ्या छिद्रांसाठी विशेष मॉर्टर, तर ज्या ठिकाणी केबल वारंवार बदलाव्या लागतात तेथे अग्निरोधक उशा वापरल्या जातात. प्लास्टिकच्या पाइपांसाठी मात्र वेगळी युक्ती करावी लागते. पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या सुमारास मऊ पडतो आणि आगीत वितळून स्वतःच छिद्र मोकळे करतो. म्हणून त्याच्याभोवती एक पट्टा बसविला जातो. त्यातील ग्राफाइटयुक्त द्रव्य सुमारे २०० अंशांना अनेक पटींनी फुगते आणि मऊ झालेला पाइप चिमटून वाट बंद करते.

यांतील प्रत्येक साहित्याचा कामगाराच्या शरीराशी वेगळा संबंध येतो, आणि म्हणून सुरक्षिततेचे नियमही वेगवेगळे आहेत. ‘हेल्मेट घातले की झाले’ ही समजूत येथे उपयोगाची नाही.

पहिला धोका खाली पडण्याचा

साहित्य कोणतेही असो, कामगाराच्या जिवाला पहिला धोका असतो तो उंचीचा. ज्या छिद्रात भरणा करावयाचा, ते छिद्र म्हणजे अनेकदा चार-सहा मजले खोल उघडा शाफ्ट असतो. काम करणारा त्याच्या काठावर ओणवा बसलेला असतो, हातात सीलंटची बंदूक असते आणि नजर केबलच्या मागच्या फटीवर असते. अशा वेळी तोल जाण्यास क्षणही पुरतो.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच शाफ्टच्या तोंडाशी कठडा उभा करणे आवश्यक असते. ज्या छिद्रांवर त्या दिवशी काम व्हावयाचे नाही, ती भक्कम झाकणाने बंद करावीत. ते झाकण सरकणार नाही असे ठोकून बसवावे आणि त्यावर ‘खाली छिद्र आहे’ अशी खूण करावी. बांधकामावर नुसताच टाकलेला प्लायवूडचा तुकडा हा उघड्या छिद्राहूनही घातक असतो. उघडे छिद्र निदान दिसते. तुकडा उचलायला गेलेला माणूस दोन पावले पुढे टाकतो आणि थेट खाली जातो.

रॉकवूलची पाटी बसवून झाल्यावर तिच्यावर पाय देणे हीदेखील नेहमीची चूक आहे. वरून ती भरलेल्या स्लॅबसारखी दिसते, पण तिच्यात माणसाचे वजन पेलण्याची ताकद नसते. भरणा झालेल्या जागेवर स्वतंत्र जाळी किंवा पत्रा बसेपर्यंत कठडा काढू नये, हा नियम त्यासाठीच आहे.

शाफ्टमध्ये उतरून काम करावयाचे असल्यास संपूर्ण शरीराला आधार देणारा सेफ्टी बेल्ट लागतो. केवळ कमरेचा पट्टा असून भागत नाही, कारण पडताना बसणारा झटका कमरेच्या मणक्यावर येतो. बेल्टचा दोर डोक्याच्या वर असलेल्या पक्क्या आधाराला अडकविलेला असावा. केबल ट्रे, पाण्याचा पाइप किंवा परांचीचा सुटा बांबू हे आधार नव्हेत. एका शाफ्टमध्ये एका वेळी एकाच मजल्यावर काम चालावे, कारण वरून निसटलेला स्क्रू ड्रायव्हरही खालच्याच्या डोक्याला जिवे मारू शकतो.

फॉल्स सीलिंगच्या वरच्या भिंतीतील छिद्रे भरताना शिडी किंवा घोडी वापरली जाते. भिंतीला टेकविलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात पुढे ठेवावी, तिचे पाय घसरणार नाहीत असे पाहावे आणि खाली एक माणूस उभा असावा. घोडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून हात लांबविणे हा वेळ वाचविण्याचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात घोडी उतरून दोन फूट सरकविण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

न दिसणारी धूळ

पडण्याचा धोका डोळ्यांना दिसतो. छातीत जाणारी धूळ दिसत नाही, आणि तिचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनी समोर येतो. फायर स्टॉपिंगच्या आधी छिद्र मोठे करणे, त्याच्या कडा साफ करणे किंवा नवे छिद्र पाडणे अशी कामे असतात. काँक्रीट कोरडे कापताना किंवा छिन्नीने फोडताना त्यातील वाळूचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. हे कण म्हणजे स्फटिकरूप सिलिका. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात अडते, पण सर्वांत घातक कण दिसतही नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तेथे कायमचे व्रण निर्माण करतात. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि झालेल्यास क्षयरोगाचा धोकाही अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाचा समावेश मानवाला निश्चित कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात केला.

यावरील उपाय महागडा नाही. कापताना पाण्याची धार सोडली तर धूळ जागीच बसते. कोअर कटिंग यंत्रांना ही सोय असतेच. पाण्याचा चिखल आवरण्याचा कंटाळा म्हणून ती बंद ठेवली जाते. जेथे पाणी चालत नाही, तेथे यंत्राला जोडलेला धूळशोषक लागतो. उरलेल्या धुळीसाठी भारतीय मानक ९४७३ नुसारचा, किमान एफएफपी २ दर्जाचा मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला गमछा किंवा करोनाकाळातील निळा शस्त्रक्रिया मास्क या कामाचा नाही. मास्कच्या कडा चेहऱ्याला चिकटल्या नाहीत, तर चांगला मास्कही निरुपयोगी ठरतो. दाट दाढीवर तो नीट बसत नाही, हे कामावर आल्यावर नव्हे, तर आदल्या दिवशीच सांगितले गेले पाहिजे. काम संपल्यावर जागा कोरड्या झाडूने झाडू नये आणि अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवू नये; बसलेली धूळ पुन्हा नाकात जाते.

रॉकवूलची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे तंतू त्वचेला, डोळ्यांना आणि घशाला खाज आणतात, त्यामुळे कामगारांना त्याचीच भीती अधिक वाटते. कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २००२ मध्ये रॉकवूल व काचतंतू यांना कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत करता येत नाही अशा गटात ठेवले. याचा अर्थ निष्काळजीपणा चालेल असा नव्हे. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, बंद गॉगल आणि मास्क हवाच. पाटी कापण्यासाठी करवतीऐवजी धारदार सुरी वापरली, तर तंतू कमी उडतात. हात आधी थंड पाण्याने धुवावेत. घासल्यास तंतू त्वचेत अधिक रुततात. कामाचे कपडे घरी नेऊन मुलाबाळांच्या कपड्यांत टाकू नयेत, ते वेगळे धुवावेत.

जुन्या इमारतीत नव्याने फायर स्टॉपिंग करताना तिसऱ्या धुळीचा सामना होऊ शकतो, ती म्हणजे ॲस्बेस्टॉसची. पूर्वी आगीपासून संरक्षणासाठी पाइपांभोवती ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली जात असे, आणि त्याच द्रव्याचे करडे पत्रेही वापरले जात. ते जागच्या जागी अखंड असेपर्यंत धोका कमी असतो. हातोडा पडताच घातक तंतू मोकळे होतात. संशय आला, की काम थांबवून अभियंत्याला कळविणे आणि नमुना तपासून घेणे हाच मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचे निर्देश दिले होते. हा विकार किती उशिरा डोके वर काढतो, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

रसायने, वीज आणि ऊन

सीलंट व फेस यांच्या डब्यांवर बारीक अक्षरांत सूचना छापलेल्या असतात, त्याही बहुधा इंग्रजीत. पॉलियुरेथेन फेसात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याच्या वाफेने काहींना दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले, की नंतर अगदी थोड्या संपर्कानेही श्वास कोंडतो. अशा कामगाराला ते काम कायमचे सोडावे लागते. बंद शाफ्टमध्ये किंवा तळघरात हा फेस वापरताना हवा खेळती ठेवणे अनिवार्य आहे. साधा धुळीचा मास्क वाफ अडवीत नाही. मॉर्टर ओला असताना तीव्र अल्कधर्मी असतो. उघड्या हातांनी किंवा गुडघे टेकून तासभर काम केल्यास त्वचा भाजते, आणि वेदना उशिरा जाणवत असल्याने तोवर जखम खोल गेलेली असते. रबरी हातमोजे व बूट हा त्यावरचा उपाय. डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि थेट रुग्णालय गाठावे.

केबलच्या शाफ्टमध्ये वीज चालू असताना भरणा करणे हा आणखी एक गंभीर प्रकार. चालू रुग्णालयात ‘वीज बंद करता येणार नाही’ हे उत्तर ठरलेले असते. अशा वेळी एकेका विभागाची वीज ठरलेल्या वेळी बंद करून, स्विचला कुलूप व नावाची पाटी लावून काम टप्प्याटप्प्याने करावे लागते. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. तेथे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. पाण्याने कापणी करणाऱ्या यंत्राला ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी असलाच पाहिजे. उघड्या वायरी थेट सॉकेटमध्ये खोचण्याची पद्धत येथे जिवावर बेतते. स्लॅबला छिद्र पाडण्याआधी आतून वायर गेली आहे काय, सळई तुटणार आहे काय आणि खालच्या मजल्यावर कोणी उभे आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. कापून निघालेला काँक्रीटचा दंडगोल अनेक किलो वजनाचा असतो आणि तो सरळ खाली पडतो.

बुलढाणा जिल्ह्यात या सर्वांत उन्हाची भर पडते. घाटावरील बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने तुलनेने थंड असते. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव येथे मात्र उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. बंद शाफ्टमध्ये, पूर्ण बाह्यांचे कपडे व मास्क लावून, अशा दिवसांत काम करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण होय. घामाने बेजार झालेला कामगार प्रथम मास्क काढतो, मग गॉगल. त्याला दटावण्यापेक्षा धुळीची व शाफ्टमधील कामे सकाळी लवकर उरकणे, दर तासाला सावलीत विश्रांती आणि प्यायला पुरेसे पाणी देणे अधिक परिणामकारक ठरते. चक्कर, मळमळ, बोलण्यात असंबद्धता दिसताच कामगाराला सावलीत आणून, अंग ओले करून, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ऊन साहित्यालाही सोसत नाही. दाबाखाली भरलेले फेसाचे डबे ५० अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नयेत, अशी सूचना त्यांवर असते. मे महिन्यातील पत्र्याची शेड किंवा उन्हात उभी केलेली बंद गाडी ही मर्यादा सहज ओलांडते आणि डबा फुटू शकतो. सीलंटही तापून निकामी होते. तेव्हा साहित्याची खोली सावलीची व हवेशीर असणे ही कामगाराच्या आणि इमारतीच्या, दोहोंच्या सुरक्षिततेची बाब आहे.

कायदा काय सांगतो?

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांची, शिडी, उत्खनन, वीज, मास्क, हेल्मेट यांविषयी तपशीलवार तरतुदी होत्या. पुरुष कामगाराने एकट्याने ५५ किलोपेक्षा आणि महिलेने ३० किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, इतका बारकावा त्यांत होता. महाराष्ट्राने आपले नियम २००७ मध्ये केले. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

संहितेनुसार कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सुरक्षिततेसाठी पुरविलेल्या कोणत्याही वस्तूचे किंवा वैद्यकीय तपासणीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. हेल्मेट किंवा बुटांची किंमत मजुरीतून कापणे म्हणूनच बेकायदा ठरते. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. आपल्या सुरक्षिततेविषयी मालकाकडे माहिती मागण्याचा हक्क कामगाराला आहे. म्हणजे डब्यावरील इंग्रजी सूचनेचा अर्थ विचारणे हा त्याचा आगाऊपणा नसून अधिकार आहे. गंभीर इजा किंवा मृत्यूचा धोका समोर दिसत असेल, तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी शासनाच्या निरीक्षकाच्या निदर्शनास आणता येतो. कामगारानेही दिलेली साधने वापरावीत आणि स्वतःची व इतरांची काळजी घ्यावी, हे त्याचे कर्तव्य म्हणून नमूद आहे.

बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे मात्र २५० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेव्हाच सक्तीचे आहे. जिल्ह्यातील बहुतांश बांधकामे या संख्येच्या कितीतरी खाली असतात. साहजिकच रोजच्या सुरक्षिततेची जबाबदारी साइटवरील अभियंता आणि मुकादम यांच्यावर येते. फायर स्टॉपिंगची टोळी बाहेरून आलेली, दोन आठवड्यांनी जाणारी असते. ती मुख्य ठेकेदाराला आपली वाटत नाही आणि तिच्या ठेकेदाराला साइट आपली वाटत नाही. शाफ्टचा कठडा कोणी उभा करावयाचा, यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. म्हणून कामाचा करार लिहितानाच कठडा, वीजबंदी, पाणी, धूळशोषक आणि प्रथमोपचार यांची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी नोंदविणे इष्ट.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वर्षे वयाच्या, मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकाम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. मंडळातर्फे नोंदित कामगारांना सुरक्षा संचही देण्यात आले आहेत. पण मंडळाचा संच मिळाला म्हणून ठेकेदाराची साधने पुरविण्याची जबाबदारी संपत नाही. सिलिकोसिस व ॲस्बेस्टॉसिस यांची गणना व्यवसायजन्य रोगांत होते आणि त्यांसाठी कायद्याने भरपाईची तरतूद आहे. मात्र ती मिळविताना आपण कोठे, किती काळ, कोणासाठी काम केले, याचा पुरावा लागतो. हजेरीपट, नियुक्तिपत्र आणि मंडळाचे ओळखपत्र जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

सुरक्षितता साइटच्या फाटकाशी सुरू होत नाही, हे या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंड व मजूर एकत्र घेऊन जाणारे वाहन उलटले आणि १३ मजुरांचा बळी गेला. ते मजूर मशीनवर नव्हते की परांचीवर नव्हते. ते कामाच्या वाटेवर होते. साहित्याच्या गाडीत माणसे बसवू नयेत, हा नियम लहान टोळीलाही तितकाच लागू आहे. सीलंटचे खोके, कोअर कटिंग यंत्र आणि चार कामगार एकाच टेम्पोच्या हौद्यात पाठविण्याने वाचणारे भाडे किती, याचा हिशेब एकदा त्या १३ घरांच्या बाजूने मांडून पाहावा.

काम झाल्यानंतर

भरणा झाला की काम संपले असे नाही. प्रत्येक छिद्राजवळ तारीख, वापरलेले साहित्य, किती वेळ आग रोखण्याची क्षमता आहे आणि काम करणाऱ्या संस्थेचे नाव लिहिलेली पट्टी लावण्याची आणि छायाचित्रासह नोंदवही ठेवण्याची चांगली पद्धत आहे. पुढे इंटरनेटची नवी केबल टाकणारा माणूस येतो, पाटीला भोक पाडतो आणि तसाच निघून जातो. पट्टी असेल तर निदान त्याला कळते, की हे साधे थर्माकोल नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील उपाययोजना सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे आणि वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्या पाहणीच्या वेळी पंप आणि सिलिंडर यांच्याबरोबर शाफ्टचे दारही उघडून पाहिले गेले पाहिजे.

कामगाराची सुरक्षितता आणि कामाचा दर्जा यांचा येथे थेट संबंध आहे. बेल्टविना शाफ्टच्या काठावर बसलेला माणूस केबलच्या मागची फट भरण्यासाठी वाकत नाही. तो समोरून दिसेल तेवढेच भरतो. उन्हाने आणि खाजेने हैराण झालेला कामगार पाटी मोजून न कापता कोंबतो. वरून भरणा पूर्ण दिसतो, आणि मागे राहिलेली दोन बोटांची फट आग लागेपर्यंत कोणाला कळत नाही. याउलट कठडा, उजेड, पुरेसा वेळ आणि योग्य साधने मिळालेला कामगार ती फट शोधून बुजवितो.

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी मुकादमाने आपल्या टोळीला त्यांना समजणाऱ्या भाषेत, मग ती मराठी असो वा हिंदी, पाच मिनिटे चार गोष्टी विचारल्या तरी बरेच साधेल. छिद्रे झाकली आहेत काय? वीज कोणी बंद केली आणि किल्ली कोणाकडे आहे? आज धूळ कोठे होणार आणि पाणी किंवा मास्क तयार आहे काय? अपघात झाल्यास गाडी कोणती आणि रुग्णालय कोणते? चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर त्या ठिकाणचे काम उत्तर मिळेपर्यंत थांबवावे. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या बालकासाठी जी दोन तासांची मुदत हे कामगार निर्माण करतात, तिच्यासाठी सकाळची ही पाच मिनिटे नक्कीच परवडण्याजोगी आहेत.